उद्याचं काहीच कळत नसतं तेव्हा ख्रिस्ती माणसाने नेमकं करायचं काय

आमच्या घरी टीव्हीशेजारी वचनांची डबी असते. बऱ्याच ख्रिस्ती घरांत असते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, छोटीशी डबी, आत बोटभर कागदाच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीवर बायबलमधलं एक वचन, सकाळी चहाच्या आधी एक काढायची आणि दिवसभर तेवढं वचन धरून चालायचं. माझी नोकरी गेली त्या आठवड्यात आई माझ्या नावाने रोज तीन-तीन पट्ट्या काढायला लागली, पहिली मनासारखी नाही आली तर दुसरी, दुसरी नाही पटली तर तिसरी. चौथ्या दिवशी कायम आनंदात राहा असं सांगणारं वचन निघालं आणि मी चहा तसाच ठेवून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.

त्यानंतर सात महिने घरी होतो. पुण्यात फ्लॅटचं लोन, मुलगी आठवीत, बायकोची नोकरी चालू होती म्हणून निभावलं. त्या काळात जे आधी चुकलं आणि नंतर थोडंफार जमलं ते इथे लिहितोय. मी पाळक नाही, फादर नाही, थिऑलॉजी शिकलेलो नाही, रविवारी तिसऱ्या बाकावर बसणारा माणूस आहे, त्यामुळे पटेल तेवढं घ्या.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. बायबल तुम्हाला निकाल सांगणार नाही. नोकरी लागेल का, बायोप्सी कशी येईल, व्हिसा मिळेल का, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. आपण काय करतो, आम्ही पत्रिका बघत नाही असं चारचौघांत अभिमानाने सांगतो आणि घरी येऊन डबीतून पट्टी काढून पत्रिकाच बघतो. थर्टीफर्स्टच्या वॉचनाइटला, म्हणजे चर्चमधल्या रात्रीच्या उपासनेला, वर्षाचं वचन काढतात तेव्हाही तेच, तुला काय आलं, मला काय आलं, जशी लॉटरीच. मला डबीचा राग नाही हो, लहानपणापासून त्याच पट्ट्यांवर मराठी वाचायला शिकलो. पण प्रश्न बदलावा लागतो. काय होणार, हे विचारत बसलात तर वेड लागेल. आज काय करू, हे विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा सापडतं, आणि ते फार साधं असतं म्हणून आपल्याला ते उत्तर वाटतच नाही.

आधी जेवा, झोपा

हो, सगळ्यात आधी हेच. १ राजे मधला १९ वा अध्याय काढा. एलीया म्हणजे केवढा मोठा संदेष्टा, कर्मेल डोंगरावर आदल्याच अध्यायात केवढा विजय झालेला, आणि राणी ईजबेलने जीव घ्यायची धमकी दिल्यावर हा पळत सुटला, रानात एका झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, बस झालं, माझा जीव घे. आता इथे देवाने काय केलं ते बघा. लेक्चर दिलं नाही. विश्वास कमी पडला म्हणाला नाही. एलीया झोपला, देवदूताने उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं उशाशी होतं, म्हणाला, खा. त्याने खाल्लं आणि परत झोपला. मग दुसऱ्यांदा उठवून परत खायला घातलं, कारण पुढचा प्रवास झेपणारा नव्हता. देवाशी त्याचं खरं बोलणं झालं ते त्याच्याही पुढे, होरेब डोंगरावर.

मी पहिले तीन आठवडे उलटं करत होतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गुडघ्यावर, मधे मधे मोबाइलवर जॉब साइट, परत गुडघ्यावर, सकाळी डोकं जड आणि सगळ्यांवर चिडचिड. शेवटी बायको म्हणाली, प्रार्थना दहा वाजता संपव आणि लाइट बंद कर, देव जागा असतो. तिचं बरोबर होतं, स्तोत्र १२१ मध्ये तेच आहे, राखणारा झोपत नाही, म्हणजे आपण झोपायला हरकत नाही.

आणि एलीयासारखे विचार येत असतील, जगूच नये असं वाटत असेल, तर ते पाप म्हणून लपवून ठेवू नका. घरच्या एका माणसाला सांगा, डॉक्टरकडे जा, सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. गोळी घेतल्याने विश्वास कमी होत नाही. शुगरची गोळी आपण प्रार्थना करूनच घेतो ना.

फॉरवर्ड आलेलं वचन मागून-पुढून वाचा

नोकरी गेल्याचं कळलं की पहिल्या दिवसात व्हॉट्सअपवर यिर्मया २९:११ येतंच येतं. मला अकरा जणांनी पाठवलं, मोजलं मी, एकात तर मागे सूर्योदय आणि कबुतर पण होतं. तुमच्यासाठी माझ्या मनात चांगल्याच योजना आहेत, असं देव म्हणतो ते वचन. खूप सुंदर आहे. पण वरचं दहावं वचन कोणी पाठवत नाही, त्यात सत्तर वर्षं लागतील असं लिहिलंय. सत्तर!

गोष्ट अशी की बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने यरुशलेममधली माणसं कैद करून आपल्या देशात नेलेली, आणि त्यांना सगळ्यात जास्त एकच जाणून घ्यायचं होतं, घरी कधी जायचं. हनन्या नावाचा एक संदेष्टा होता, तो छातीठोक सांगायचा, दोन वर्षांत परत येणार सगळे. लोकांना तो आवडणारच. यिर्मया या दुसऱ्या संदेष्ट्याने मात्र त्या कैद्यांना पत्र लिहिलं की घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, पोरांची लग्नं करा, आणि ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या भल्यातच तुमचं भलं आहे. आणि हे सगळं झाल्यावर मग ते अकरावं वचन येतं.

हे नीट वाचलं त्या दिवशी माझ्यात काहीतरी हललं. म्हणजे वाट बघायच्या काळात जगणं बंद ठेवायचं नाही. मी तर सगळंच थांबवलं होतं, नोकरी लागली की गॅलरीच्या कुंड्या नीट करू, नोकरी लागली की मित्रांना भेटू, मुलीला सायकल नोकरी लागल्यावर. तर प्रॅक्टिकली काय करायचं, कागदावर लिहून काढा की कोणकोणत्या गोष्टी तुम्ही "ते झाल्यावर" म्हणून अडवून ठेवल्यात. त्यातल्या ज्यांना पैसा लागत नाही त्या या आठवड्यात चालू करा. मी कुंड्या केल्या, कढीपत्ता आणि टोमॅटो. टोमॅटो आले पण, सात. आणि सोसायटीतल्या दोन मुलांचं दहावीचं गणित घ्यायला लागलो, शहराचं भलं म्हणजे माझ्या झेपेल एवढं तेवढंच.

यातूनच एक सवय लावून घ्या. कुठलंही वचन मनाला भिडलं की त्याच्या आधीची दहा आणि नंतरची दहा वचनं वाचायची. हे कोणी लिहिलं, कोणाला लिहिलं, तेव्हा त्यांचं काय चाललं होतं. फिलिप्पैच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या चर्चला, कशाचीच चिंता करू नका असं लिहिणारा प्रेषित पौल तेव्हा स्वतः तुरुंगात होता, आणि आपण जगणार की मरणार हे त्यालाही पक्कं माहीत नव्हतं, पहिल्या अध्यायात सरळ दिसतं. एसीत बसून लिहिलेलं नाही ते.

तक्रार करायची, पण देवाकडेच

आपल्याकडे प्रार्थना म्हटलं की सुरुवात धन्यवादाने, शेवट धन्यवादाने आणि मधे गोड गोड. मनातलं खरं बोललं की देवाचा अपमान होईल असं वाटतं. पण १५० स्तोत्रांपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश तर विलापाची आहेत, रडणारी, भांडणारी. तिथून सुरू करा. माझं म्हणणं आहे स्तोत्र १३ घ्या, अवघी सहा वचनं, उभ्या उभ्या वाचून होतात.

त्याची रचना लक्षात घेतली की तुम्हाला स्वतःचं लिहिता येतं, आणि लिहाच, वहीत, पेनाने. पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा एकच विचारतो, कुठवर? कुठवर विसरणार मला, कुठवर तोंड लपवणार. तर तुम्ही पण चार "कुठवर" लिहा, तुमचे स्वतःचे. माझे होते, कुठवर एचआरच्या फोनची वाट बघू, कुठवर सासरी खोटं बोलू की वर्क फ्रॉम होम आहे, असे. पुढच्या दोन वचनांत तो मागतो, आणि स्पष्ट मागतो. तुम्हाला काय पाहिजे ते नेमकं लिहा, "तुझी इच्छा" वर एकदम उडी मारू नका, येशूने पण गेथशेमाने बागेत आधी हा प्याला टळू दे असंच म्हटलं, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो हे त्याच्या नंतर. शेवटच्या दोन वचनांत दावीद म्हणतो, मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवलाय. हा भाग कधी लिहून होतो, कधी होत नाही. नाही झाला तर रिकामी जागा सोडा. मी चक्क दोन ओळी कोऱ्या सोडायचो.

आणि ती जागा रिकामीच राहिली तरी बिघडत नाही हे सांगणारं पण एक स्तोत्र बायबलमध्ये ठेवलंय, ८८ वं. ते चक्क अंधारावर संपतं, शेवटी आशेची ओळ नाही की काही नाही. ज्यांनी ही स्तोत्रं एकत्र केली त्यांना ते काढून टाकता आलं असतं. नाही काढलं.

आपल्या मराठी मंडळींकडे यात एक मोठी सोय आहे, नारायण वामन टिळकांची भजनं आणि अभंग. स्वतःचे शब्द संपले की ते म्हणा. आई स्वयंपाक करताना म्हणते तेव्हा ती प्रार्थना आहे की फोडणीचा ठेका हे कळत नाही, पण चालतं. आणि टिळकांच्या घरात अनिश्चितता काही कमी नव्हती, १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई जवळपास पाच वर्षं वेगळ्या राहिल्या, नवरा जिवंत आहे पण आपण आता कोण, हे त्या बाईला तेव्हा कोणी सांगू शकत नव्हतं. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, स्वतःच्या विचाराने. स्मृतिचित्रे वाचलं नसेल तर वाचा, आणि हसायची तयारी ठेवून वाचा, एवढ्या हालअपेष्टांत बाईचा विनोद सुटत नाही.

रोजची भाकर, आजची

प्रभूची प्रार्थना आपण इतकी भराभर म्हणतो की त्यात काय मागितलं ते कळत नाही. रोजची भाकर आज दे. महिन्याची नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो "रोजची" साठी शब्द आहे तो नव्या करारात या प्रार्थनेशिवाय कुठेच येत नाही, अभ्यासकांचं त्याच्या अर्थावर अजून एकमत नाही, आजची म्हणा, येणाऱ्या दिवसाची म्हणा. पण महिनाअखेरची असं कोणीच म्हणत नाही! निर्गमच्या १६ व्या अध्यायात मान्न्याचं, म्हणजे रानात देवाने इस्राएली लोकांना दिलेल्या अन्नाचं, पण तसंच, त्या दिवसापुरतं गोळा करायचं, उद्यासाठी ठेवलं की किडे पडायचे.

लगेच कोणीतरी म्हणेल, म्हणजे एफडी करायची नाही का. करा की. त्याच बायबलमध्ये योसेफाने सात वर्षं धान्य साठवून अख्खा मिसर देश, म्हणजे इजिप्त, जगवलाय. पैसा साठवता येतो, धीर साठवता येत नाही, एवढाच माझा मुद्दा. डिसेंबरमध्ये लागणारा धीर जूनमध्ये मागून मिळत नाही.

करायचं असं. सकाळी एका चिठ्ठीवर फक्त आजच्या भाकरीचं लिहायचं, तीन गोष्टी, जास्त नाही. माझी एक चिठ्ठी अजून बायबलमध्ये आहे, बँकेत ईएमआयचं विचारणे, जुन्या साहेबांना फोन, मुलीवर न ओरडणे. पहिल्या दोन झाल्या, तिसरी नाही झाली. रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं तीच चिठ्ठी घेऊन बसायचं आणि दिवस उलगडून बघायचा, आज कुठे देव जवळ वाटला, कुठे मी त्याच्याकडे पाठ फिरवली, उद्याचं काय. कॅथलिक मित्रांना हे ओळखीचं वाटेल, इग्नेशियस लोयोला यांनी शिकवलेल्या रोजच्या आत्मपरीक्षणाचाच हा घरगुती अवतार आहे. आम्ही प्रोटेस्टंट, पण चांगली गोष्ट वसईच्या मित्राकडून घेतली तर काय बिघडलं.

निर्णय घ्यायची वेळ येते तेव्हा

इग्नेशियसचंच पुढे सांगतो कारण मला सगळ्यात जास्त कामाला आलं ते हे. हा स्पेनमधला सैनिक, १५२१ मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडला, महिनोन्महिने अंथरुणावर. पडल्या पडल्या दोन प्रकारची स्वप्नं बघायचा, एक दरबारातल्या मानमरातबाची, एक संतांसारखं जगायची. दोन्ही बघताना छान वाटायचं, पण पहिल्याने नंतर मन कोरडं पडायचं आणि दुसऱ्याने बराच वेळ शांत राहायचं. एवढ्याशा निरीक्षणावरून त्याने पुढे निर्णय घ्यायची अख्खी पद्धत बसवली. (त्याच्याच येशूसंघातले, म्हणजे जेझुइट, थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्याला आले आणि त्यांनी आपल्या मराठीत ओवीबद्ध क्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ मध्ये छापलं गेलं, म्हणजे माणूस तसा आपल्या ओळखीतलाच.)

त्याचा एक नियम भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. मन अंधारात असताना आधीचा ठरलेला निर्णय बदलायचा नाही. चांगल्या वेळी, शांत डोक्याने जे ठरवलं होतं त्यावर टिकून राहायचं, अंधारात नवीन काही फिरवाफिरव नको. मला पाचव्या महिन्यात फ्लॅट विकून गावी नगरला जायचं भूत चढलं होतं, एजंटला फोन पण केलेला. या एका नियमामुळे पंधरा दिवस थांबलो, आणि पंधरा दिवसांनी तो विचार माझा नव्हताच, भीतीचा होता, हे दिसलं.

खरंच निर्णय घ्यायचाच असेल, म्हणजे दोन ऑफर आहेत किंवा परदेशी जायचं की नाही असं काही, तर तो चार रकाने करायला सांगतो, केलं तर फायदे, केलं तर तोटे, नाही केलं तर फायदे, नाही केलं तर तोटे. शेवटचे दोन रकाने आपण नेहमी विसरतो. मग अजून दोन युक्त्या आहेत. कधी न पाहिलेला एखादा माणूस हाच प्रश्न घेऊन तुमच्याकडे आला तर त्याला काय सल्ला द्याल. आणि मरणाच्या बिछान्यावर असताना आज काय ठरवलं असतं तर बरं वाटेल. जे निघेल ते देवापुढे ठेवायचं आणि मन कुठे स्थिर होतं ते बघायचं.

एकट्याने मात्र ठरवू नका. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये पौलाचे दोन रस्ते पाठोपाठ बंद झाले, आशियाचा (तेव्हाचा रोमी प्रांत) पण आणि बिथुनियाचा पण, मग त्रोवसला रात्री त्याला मासेदोनियाचा माणूस दिसला. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला, पण पुढचं वाक्य वाचा, "आम्ही" असं अनुमान काढलं. आम्ही. तुम्हाला रात्री काही दिसलं असेल तर सकाळी दोन समजूतदार माणसांना सांगा, त्यातला एक तरी असा हवा की जो तुम्हाला नाही म्हणू शकतो.

मंडळीत कोणाला, किती सांगायचं

आमच्याकडे प्रार्थनाविषय देताना लोक "एका वैयक्तिक कारणासाठी" म्हणतात, आणि मग अख्खी मंडळी आठवडाभर तर्क लढवत बसते. मी पण तसंच दिलं होतं, दोन जणांना वाटलं आमचा घटस्फोट होतोय. त्यापेक्षा दोन-तीन माणसं निवडा आणि त्यांना खरं, पूर्ण सांगा, आकड्यांसकट. येशूने पण गेथशेमानेतल्या त्या रात्री सगळ्यांना नाही, तिघांना जवळ घेतलं आणि म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. ते झोपले ही गोष्ट वेगळी. तुमचे पण एखादवेळी झोपतील, लगेच राग धरू नका.

आणि नेमकं काय हवं ते सांगा. "प्रार्थनेत आठवण ठेवा" याच्या जोडीला "हा माझा सीव्ही, तुमच्या कंपनीत द्याल का" हेही सांगायला लाजू नका. माझ्या सायंकाळच्या उपासनेतल्या एका काकांनी सात महिने दर मंगळवारी फोन केला, बोलायचे तीन मिनिटं, जेवलास का, फिरायला गेलास का, चल ठेवतो. एकदाही वचन सांगितलं नाही त्यांनी. बायबलमधल्या ईयोबाचं सगळं गेलं तेव्हा त्याचे मित्र पण सात दिवस सात रात्री नुसते शेजारी बसले होते तोपर्यंत उत्तम होते, तोंड उघडलं आणि घाण केली.

तसे तोंड उघडणारे भेटणारच. तुझ्या आयुष्यात काहीतरी पाप असेल, विश्वास कमी पडतोय, अमुक इतक्या पैशांचं बीज पेर मग बघ दार उघडतं की नाही, असं सांगणारे. मला पण एका मीटिंगमध्ये स्टेजवरून सांगितलं, पाकिटं फिरवली. बेकार माणसाकडे पाकीट! अशा ठिकाणाहून सरळ उठून बाहेर या. ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, ईयोबावर नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि विश्वासच हलला तर? हलू द्या, प्रश्न विचारा. पंडिता रमाबाईंचं बघा, १८७४ च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहान मुलगी, १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर पण ज्या सिस्टरांनी आसरा दिला त्यांच्याशी त्या शिकवणुकीवरून पत्रांतून भांडत होत्या, मला पटल्याशिवाय मानणार नाही म्हणून. त्याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुलीबाळींना आणून, आणि म्हातारपणी हिब्रू-ग्रीकवरून अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं. मुलगी मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या आधी गेली, तरी काम सोडलं नाही, १९२२ मध्ये त्या गेल्या. प्रश्न विचारणाऱ्याला देव दाराबाहेर ठेवत नाही असं मी मानतो, निदान रमाबाईंना तरी ठेवलं नाही.

राहता राहिली साक्ष, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगणं. आपल्याकडे साक्ष कधी देतात, नोकरी लागल्यावर, गाठ साधी निघाल्यावर, मूल झाल्यावर. ज्याचं काहीच झालेलं नाही तो गप्प मागे बसतो आणि त्याला वाटतं आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाही. सहाव्या महिन्यात पाळकसाहेबांनी मला विचारलं, तू आत्ता दे. मी म्हटलं, साहेब अजून काहीच झालं नाही. ते म्हणाले, म्हणूनच. मी दोन मिनिटं बोललो, नोकरी नाही, झोप थोडी लागते, टोमॅटो आलेत, मुलीवर कमी ओरडतो, देव आहे असं रोज नाही वाटत पण बऱ्याचदा वाटतं. खाली उतरलो तर मागच्या बाकावरची एक बाई रडत होती, तिच्या मिस्टरांचं डायलिसिस चालू आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आता मंगळवारी तिच्या घरी मी फोन करतो. जेवलात का, एवढंच विचारतो.

नोकरी लागली नंतर, आधीपेक्षा कमी पगाराची. आई अजून पट्ट्या काढते, पण आता एकच, आणि आधीची दहा वचनं मला मोठ्याने वाचायला लावते, चष्मा सापडत नाही म्हणून.